एचआयव्हीसह साठीकडे जाताना : विसरणे, गोळी आणि मेंदू

“घरच्या माणसाला पंधरा-सोळा वर्षे एआरटीच्या गोळ्या चालू आहेत. अंगाने धडधाकट आहेत, कामावर जातात. पण वर्षभरापासून विसरायला लागलेत. सांगितलेले काम अर्धेच करतात, चिडचिड वाढलीय. हे वयाने होते, त्या आजाराने होते की गोळ्यांनी?”

आरोग्याच्या या पानाकडे अलीकडे असे प्रश्न येऊ लागले आहेत. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि बोलताना त्यांचा आवाज खाली गेलेला असतो. प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तो कुणी विचारलाच नसता, कारण त्या काळी लागण झालेला माणूस साठीपर्यंत पोहोचेल असे कुणी धरूनच चालत नसे. आज हा प्रश्न पडतो याचाच अर्थ औषधांनी माणसे जगवली. जगलेल्या माणसांचे डोकेही शाबूत राहावे, यासाठी काय करायचे ते आपण या लेखात पाहू.

बंदर आणि साथ एकाच काळातली

न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाले २६ मे १९८९ रोजी. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद त्याच्या तीनच वर्षे आधी, १९८६ साली चेन्नईत झाली होती. म्हणजे इथले कंटेनर यार्ड, गोदामे आणि ट्रेलरच्या रांगा ज्या वर्षांत वाढत गेल्या, त्याच वर्षांत ही साथही महाराष्ट्रात वाढली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार इथून चालक, क्लीनर, माथाडी कामगार उरण-पनवेलच्या पट्ट्यात आले. महिनोन् महिने घरापासून दूर, गेटवर तासन् तास ताटकळणे, रात्रीचे जागरण, केबिनमध्येच झोप. एड्स नियंत्रण कार्यक्रमात ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यासाठी वेगळे काम सुरू झाले ते यामुळेच.

त्या काळात ‘ड्रायव्हरचा आजार’ असा शब्दही रूढ झाला. तो शब्द चुकीचा होता आणि क्रूरही होता. विषाणू कुणाचा धंदा पाहत नाही. माणसाला वर्षातले दहा महिने घराबाहेर ठेवणारे काम, माहितीचा अभाव आणि बोलायची चोरी, या तिन्हींनी मिळून ही लागण पसरवली. तिची किंमत चालकांनी दिली आणि गावाकडे राहिलेल्या त्यांच्या बायकांनीही दिली.

सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी सुरू झाली १ एप्रिल २००४ रोजी. देशभरात सुरुवातीला आठ केंद्रे होती, त्यांपैकी एक मुंबईचे जे. जे. रुग्णालय. तेव्हा औषध सगळ्यांना मिळत नसे. रक्तातल्या सीडी-४ पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षणाची फौज, २०० च्या खाली गेली किंवा आजार फार बळावला, तरच गोळ्या सुरू होत. ही मर्यादा पुढे ३५० झाली, मग ५००. तपासणीत एचआयव्ही आढळला की सीडी-४ कितीही असो, उपचार सुरू करायचे, हे धोरण आले २०१७ मध्ये.

हा इतिहास सांगायचे कारण आहे. नव्वदच्या दशकात लागण झालेला आणि २००५-०६ साली गोळ्या मिळालेला माणूस आज पन्नास-साठीत आहे. त्याच्या शरीरात विषाणू कितीतरी वर्षे मोकाट फिरलेला आहे. त्या वर्षांत रक्ताचे काय झाले ते आपण सीडी-४ च्या कागदावर पाहिले. मेंदूचे काय झाले ते कुणी पाहिले नाही.

पहारेकऱ्याच्याच घरात चोर

एचआयव्ही मेंदूपर्यंत पोहोचायला वर्षे लागतात असा समज आहे. तो खरा नाही. थायलंडमध्ये अगदी ताज्या लागणीच्या रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा लागणीनंतर आठ दिवसांच्या सुमारासच विषाणू मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सापडला.

मेंदूभोवती रक्तवाहिन्यांची एक गाळणी असते. रक्तातली वाटेल ती गोष्ट ती आत जाऊ देत नाही. विषाणू मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत लपून ही गाळणी ओलांडतो. आत गेल्यावर तो विचार करणाऱ्या पेशींमध्ये, म्हणजे न्यूरॉनमध्ये, सहसा शिरत नाही. तो शिरतो मेंदूच्या पहारेकरी पेशींमध्ये. या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. कचरा साफ करणे, जंतूंशी लढणे हे त्यांचे काम. चोर पहारेकऱ्याच्याच घरात दडून बसला की जे होते तेच इथे होते. पहारेकरी बिथरतात, दाह निर्माण करणारी रसायने सोडत राहतात, आणि त्या दाहाने शेजारचे न्यूरॉन हळूहळू दुबळे होतात.

गोळ्या नियमित घेतल्या की विषाणूची वाढ थांबते आणि हा दाहही बराच कमी होतो. पूर्णपणे मात्र तो विझत नाही. राखेखाली निखारा राहावा तसा थोडासा राहतो.

मेंदूचा कोणता भाग झिजतो?

मेंदूच्या आतली रचना समजायला आपल्या बंदराचेच उदाहरण घेऊ. बंदरात क्रेन आहेत, यार्ड आहेत आणि त्यांना जोडणारे रस्ते आहेत. मेंदूचा करडा भाग म्हणजे यार्ड आणि क्रेन, तिथे काम होते. पांढरा भाग म्हणजे रस्ते, तिथून निरोप एका भागातून दुसऱ्या भागात जातात. सर्वात आत, खोलवर, काही गाठीसारखे भाग आहेत, त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. हालचालीचा वेग, एका कामातून दुसऱ्या कामात शिरणे, लक्ष टिकवणे यांत त्यांचा मोठा वाटा असतो. नवी आठवण साठवण्याचे काम हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. मेंदूच्या मध्यभागी पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. मेंदू आक्रसला की या पोकळ्या मोठ्या दिसतात.

एचआयव्हीचा परिणाम मुख्यतः खोलवरच्या गाठी, पांढरा भाग आणि कपाळामागचा भाग यांवर होतो. क्रेन शाबूत, पण रस्त्याला खड्डे पडले तर कंटेनर उशिरा पोहोचतो. तसे या आजारात माणसाला गोष्टी कळतात, पण वेळ लागतो. आठवतात, पण ओठावर यायला उशीर होतो. दोन कामे एकदम सांगितली की गोंधळ होतो.

वयाचा परिणाम याहून वेगळा. चाळिशीनंतर प्रत्येकाचाच मेंदू थोडा थोडा आक्रसतो, दर दहा वर्षांत साधारण पाच टक्के, आणि सत्तरीनंतर वेग वाढतो. ही झीज जवळपास सगळीकडे होते. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू असेल तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि रस्त्यांना आणखी खड्डे पडतात.

एचआयव्ही असलेल्या माणसाला वय झाल्यावर या दोन्ही झिजा एकत्र सोसाव्या लागतात. मग त्या नुसत्या बेरजेने वाढतात की एकमेकींना ढकलून दुप्पट वेगाने वाढतात?

संशोधन काय सांगते

लंडन आणि ॲमस्टरडॅम इथे ‘कोब्रा’ नावाचा एक अभ्यास झाला. एचआयव्ही असलेले आणि औषधांनी विषाणू आटोक्यात ठेवलेले १६२ जण आणि तशाच राहणीचे, पण एचआयव्ही नसलेले १०५ जण. सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. त्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले आणि नुसत्या चित्रावरून मेंदूचे वय ओळखणाऱ्या संगणकाला दिले. एचआयव्ही असलेल्यांचे मेंदू त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी दोन वर्षांनी म्हातारे दिसले. दुसऱ्या गटाशी तुलना केली तर फरक जवळपास तीन वर्षांचा. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा ‘एचआयव्हीने मेंदू लवकर म्हातारा होतो’ अशी भीती वाटणे साहजिक होते.

पण संशोधक तिथे थांबले नाहीत. सुमारे दोन वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा तपासले. या काळात दोन्ही गटांच्या मेंदूत झालेला बदल सारखाच होता. एचआयव्ही असलेल्यांची झीज जास्त वेगाने चाललेली दिसली नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाचाही निष्कर्ष असाच होता.

यातून निघणारा अर्थ आपल्या वाचकांनी नीट लक्षात ठेवावा. बरेचसे नुकसान गोळ्या सुरू होण्याआधीच्या वर्षांत झालेले असते. गोळ्या नियमित चालू राहिल्या की ते पुढे वाढायचे बरेचसे थांबते. त्यानंतर वय आपल्या गतीने पुढे जाते, जसे सगळ्यांचेच जाते.

वेगवेगळ्या देशांतल्या बाराशेहून अधिक एचआयव्ही बाधितांचे एमआरआय एकत्र करून २०२१ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या सीडी-४ कमी, त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान आणि पोकळ्या मोठ्या दिसल्या. सीडी-४ एकेकाळी किती खाली गेल्या होत्या याचाही पुढच्या स्मरणशक्तीशी संबंध असतो, असे इतर अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून एआरटीच्या जुन्या पुस्तिका, पहिले रिपोर्ट फेकू नका. ‘सुरुवातीला सीडी-४ किती होत्या’ हे डॉक्टरांना आजही कामाचे आहे.

आपल्याकडचा विषाणू, आपली भाषा

हे अभ्यास बाहेरच्या देशांतले. तिथे विषाणूचा प्रामुख्याने ‘बी’ प्रकार आहे, भारतात ‘सी’. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी १९८९ ते १९९६ या काळातल्या रुग्णांची नोंद २००० साली प्रसिद्ध केली. त्यात मेंदूचा क्षय, बुरशीचा मेनिंजायटिस असे आजार खूप होते, पण एचआयव्हीमुळे आलेला गंभीर स्मृतिभ्रंश फार थोड्यांत. २००४ मध्ये बंगळुरूच्याच जवाहरलाल नेहरू सेंटरच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की ‘सी’ प्रकारातल्या एका प्रथिनात छोटासा बदल आहे आणि त्यामुळे दाह करणाऱ्या पेशींना ओढून घेण्याची त्याची ताकद कमी आहे. मग काही वर्षे असे मानले गेले की आपल्याकडचा विषाणू मेंदूला फारसा त्रास देत नाही.

बारकाईने चाचण्या घेतल्यावर चित्र बदलले. यात पुण्याचे काम मोलाचे आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, डॉ. मनीषा घाटे, डॉ. संजय मेहेंदळे आणि सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक यांनी मराठी बोलणाऱ्या माणसांची स्मरणशक्ती, लक्ष, हाताचा वेग, निर्णयक्षमता मराठीतूनच तपासली. आजार बळावल्यावर आलेल्या रुग्णांच्या मेंदूवर परिणाम झालेला होता, आणि एआरटी सुरू केल्यानंतर त्यांच्यात सुधारणा दिसली. म्हणजे आपला विषाणूही मेंदूला सोडत नाही, पण औषधही आपल्याला तितकीच साथ देते.

याच गटाने २०१२ मध्ये पुण्यातल्या १७४ मराठी भाषकांवरचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना मराठीबरोबर हिंदीही चांगली येते, ते एका गोष्टीवरून दुसरीवर लक्ष वळवण्याच्या आणि मनाला आवरण्याच्या चाचण्यांत सरस ठरले. दिवसभर दोन-तीन भाषांत व्यवहार करणाऱ्या बंदरातल्या कामगारांनी हे जरूर वाचावे.

यातला आणखी एक मुद्दा आम्हांला सांगितला पाहिजे. स्मरणशक्तीच्या चाचणीचे गुण शिक्षणावर, भाषेवर अवलंबून असतात. ज्याला शाळा मिळाली नाही, ज्याने पेन्सिल हातात धरून आकडे जोडले नाहीत, त्याचे गुण कमी येतील. त्यावरून त्याच्या मेंदूला आजार आहे असे ठरत नाही. आपल्या समाजातल्या जुन्या पिढीच्या वाट्याला शाळा किती आली हे आपण जाणतो. म्हणून चाचणी घेणाऱ्याला आपले शिक्षण आणि घरची भाषा आवर्जून सांगा. खरी तुलना दुसऱ्याशी नसते. हाच माणूस दोन वर्षांपूर्वी कसा होता आणि आज कसा आहे, हे पाहायचे असते. आणि ते घरच्यांइतके कुणाला ठाऊक नसते.

काय दिसले तर सांगायचे?

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे, एखाद्याचे नाव पटकन न सुचणे, हे साठीकडे जाताना होतेच. खालील गोष्टी मात्र तीन-चार महिने टिकल्या तर एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना सांगाव्यात :

• नेहमीचे काम करायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागणे.
• सांगितलेल्या दोन-तीन कामांपैकी एकच लक्षात राहणे, काम अर्धवट सोडणे.
• पैशांच्या हिशोबात, पावत्या-कागदपत्रांत नव्याने चुका होणे.
• ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकणे, गाडी चालवताना लक्ष उडणे.
• शर्टाची बटणे लावताना, सुई ओवताना हात अडखळणे, चालताना तोल जाणे.
• कशातच रस न वाटणे, गप्प बसून राहणे किंवा स्वभाव एकदम बदलणे.

केंद्रात छोटी चाचणी होऊ शकते. त्यात बोटे भराभर आपटायला सांगतात, हाताच्या तीन हालचाली ठरलेल्या क्रमाने करायला लावतात आणि चार शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने विचारतात. ती दहा मिनिटांच्या आत होते. तिच्यावरून निदान होत नाही, पुढे तपासायचे की नाही एवढेच कळते.

सगळे एचआयव्हीच्या माथी मारू नका

गोळ्या नीट चालू आहेत, विषाणू आटोक्यात आहे आणि तरी विस्मरण होते, तेव्हा आधी दुसरी कारणे शोधावी लागतात. यातली कितीतरी कारणे पूर्ण बरी होणारी आहेत : बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य, अपुरी झोप, वाढलेली साखर, जुना सिफिलिस. साध्या रक्त तपासण्यांत यांतले बरेच कळते. पूर्वी दिल्या जाणाऱ्या एफाविरेंझ या औषधाने काहींना चक्कर, विचित्र स्वप्ने, उदासी येई. आता बहुतेकांना डॉलुटेग्रॅवीर असलेली रोज एक गोळी मिळते. अजूनही जुनी गोळी चालू असेल आणि त्रास होत असेल तर तसे विचारावे. मनाने बंद मात्र करू नये.

दारूबद्दल पंचशीलाची आठवण आम्ही इथे वेगळी करून द्यायला नको. वैद्यकीय बाजू एवढीच की दारू आणि एचआयव्ही मेंदूच्या त्याच भागांवर घाव घालतात आणि दारूच्या रात्री गोळी हमखास चुकते. तंबाखू, मिश्री, विडी यांनी बारीक रक्तवाहिन्या खराब होतात.

रक्तवाहिन्यांचे महत्त्व किती, हे ‘रिप्रीव्ह’ या मोठ्या चाचणीने दाखवले. भारतासह बारा देशांतले सात हजारांवर एचआयव्ही बाधित, वय ४० ते ७५. त्यांतल्या निम्म्यांना कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध रोज दिले. हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका स्पष्ट होता की २०२३ मध्ये चाचणी वेळेआधीच थांबवली. पक्षाघात टळला म्हणजे मेंदूच वाचला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एआरटी केंद्राच्या फेरीत रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी आणि कोलेस्टेरॉलबद्दल विचारावे.

काही लक्षणांत वाट पाहायची नसते. दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठ होणे, झटका, एका बाजूची ताकद जाणे, डोळ्यांना दोन-दोन दिसणे, बरळणे, गुंगी येणे. गोळ्या सोडलेल्या माणसात ही क्षयाचा किंवा बुरशीचा मेनिंजायटिस, मेंदूतली गाठ यांची चिन्हे असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

विसरण्याचे चक्र

या साऱ्यात आम्हांला सर्वात काळजी वाटते ती एका चक्राची. मेंदू थोडा मंदावला की माणूस गोळी विसरतो. गोळ्या चुकल्या की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद देईनासा होतो. विषाणू वाढला की मेंदू आणखी मंदावतो. आणि ‘घेतली का?’ असे विचारणारे जवळ कुणी नसते, कारण आजार कुणाला सांगितलेलाच नसतो.

बंदरावरच्या चालकाला हे चक्र जास्त सहज गाठते. गाडी गेटवर अडकली, जेवण हुकले, फेरी लांबली, गोळ्यांची डबी घरी राहिली. म्हणून काही साध्या गोष्टी :

• गोळी एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. रात्रीचे जेवण, दात घासणे, काहीही. मोबाइलचा गजर लावा. गजराला नाव देण्याची गरज नाही.
• सात खणांची डबी ठेवा. आजचा खण रिकामा दिसला की घेतली, भरलेला दिसला की राहिली. आठवणीवर सोडूच नका.
• दोन-तीन दिवसांच्या गोळ्या वेगळ्या छोट्या डबीत बॅगेतही ठेवा. केबिनमधल्या उन्हात, डॅशबोर्डवर ठेवू नका.
• तब्येत स्थिर असेल तर एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. केंद्रात विचारा. गावी किंवा दुसऱ्या राज्यात जास्त दिवस जाणार असाल तर आधी सांगून जा, तिकडच्या केंद्रातून औषध घेण्याची सोय होते.
• पित्ताची, लोहाची, कॅल्शियमची गोळी एआरटीच्या गोळीबरोबर लगेच घेऊ नका. औषध नीट शोषले जात नाही. किती तासांचे अंतर ठेवायचे ते विचारून घ्या. मधुमेहाची गोळी चालू असेल तर तीही दाखवा.
• वर्षातून एकदा होणारी व्हायरल लोड तपासणी चुकवू नका. विषाणू ‘आढळत नाही’ असा रिपोर्ट आला म्हणजे मेंदूचे संरक्षण चालू आहे. आणि हा रिपोर्ट टिकून असेपर्यंत लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे.
• घरातल्या एका तरी विश्वासू माणसाला सांगा. गोळीची आठवण करून देणारा माणूस हा अर्धा उपचार आहे.

जड वाहन चालवणाऱ्याला लक्ष उडते असे वाटू लागले, तर ते अंगावर काढण्यात स्वतःचा आणि रस्त्यावरच्या इतरांचाही धोका आहे. तपासणी होईपर्यंत रात्रीची फेरी टाळावी, यार्डातले किंवा दुसरे काम मागावे. कामाच्या ठिकाणी कारण म्हणून ‘तब्येत’ एवढेच सांगितले तरी पुरे.

मागे राहिलेल्या बायका

२००४ च्या आधी ज्यांचे नवरे गेले, अशा कितीतरी बायका आज पन्नाशीत आहेत. नवऱ्याच्या आजारपणात त्यांना स्वतःची लागण कळली. सासरचे घर सुटले, मुले वाढवली, धुणी-भांडी, कंपनीतले पॅकिंग, मिळेल ते काम केले. आता पाळी जाण्याच्या वयात झोप उडते, अंगातून वाफा निघतात, विसरायला होते. त्या म्हणतात, ‘वयच झालं.’ डॉक्टरही कधी कधी तेच म्हणतात. पण त्यांच्यातही बी-१२ कमी असते, रक्त कमी असते, मन खचलेले असते, आणि कितीदा तरी मजुरी बुडेल म्हणून केंद्राची फेरी चुकलेली असते. त्यांच्या विसरण्याची चौकशी व्हायला हवी. ती आपण शेजाऱ्यांनी, मुलांनी करायची आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाचीही एचआयव्ही तपासणी करता येत नाही. कुणाचा आजार त्याच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही. केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारणे, काढून टाकणे, उपचार नाकारणे, घर नाकारणे हा भेदभाव ठरतो. शंभर किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. हा कायदा मोठ्या कंपनीलाही लागू आहे आणि ठेकेदारालाही. भेदभाव म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून आपल्या वस्तीत तरी एचआयव्ही बाधित माणसाच्या वाट्याला तो येता कामा नये.

१९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटला भरला गेला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मोकळी उत्तरे दिली, हा संपादक र. धों. कर्वे यांचा ‘गुन्हा’. मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शरीराबद्दलचे प्रश्न विचारणे आणि त्यांना खरी उत्तरे मिळणे हा माणसाचा हक्क आहे, एवढे त्यातून आपण घेतले तरी या पानाचे काम सोपे होईल.

जवळचे एआरटी किंवा तपासणी केंद्र कुठे आहे ते १०९७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळते, तिथे मराठीतूनही बोलता येते. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा घरचे एक माणूस बरोबर न्या. गेल्या सहा महिन्यांत काय बदलले ते चार ओळींत लिहून न्या. आणि खिडकीवरून गोळ्या घेऊन परत फिरण्याआधी डॉक्टरांना एवढे सांगा : “मला अलीकडे विसरायला होतंय, तपासून घ्या.”